हात लावू नये

माझ्या धाकट्या जावेला काहीही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "बघून सांगते." गॅस बंद केला का? बघून सांगते. उद्या सुट्टी आहे का? बघून सांगते. एकदा डॉक्टरांनी वय विचारलं तेव्हाही तिच्या तोंडून हेच निघालं, आणि डॉक्टर पेन खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिले. मी शेजारीच बसले होते. वय मीच सांगून टाकलं, आणि उपकार म्हणून दोन वर्षं कमी सांगितलं.

लोकांना हा तिचा विनय वाटतो. एवढी शिकली, एवढी पुढे गेली, पण बघा कशी साधी राहिली, असं नातेवाईक म्हणतात आणि आपापल्या सुनांकडे बघतात. मला तो विनय कधीच वाटला नाही. आपण काहीतरी बोलू, ते चुकीचं निघेल आणि समोरचा म्हणेल, 'वाटलंच होतं', ही ती भीती. मी समोरच्याच दारात राहते, त्यामुळे मला शेंडी लावणं सोपं नाही.

आमची दोन घरं एकाच मजल्यावर, दारासमोर दार. मधल्या जागेत दोघींच्या चपला आणि भाऊजींची हत्यारांची पेटी. मी घरी शिवणकाम करते. नवं काही शिवत नाही. लोकांचे बिघडलेले कपडे नीट करून देते. पँट लांब, पँट आखूड, चेन तुटलेली, माणूस सुटलेला आणि कोट तेवढाच राहिलेला. धाकटी संगणकाचे प्रोग्राम लिहिते. ते ती कुठल्याही कॉलेजात शिकलेली नाही. आपल्याबद्दल लोकांना सांगण्यासारखं आणि लोकांपासून लपवण्यासारखं एवढं एकच आहे, असं तिला वाटतं.

लग्न होऊन आली तेव्हा ती एका मोठ्या लाँड्रीत मोजणीला होती. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथे धुवायला यायचे. आलेला माल मोजायचा, धुऊन इस्त्री होऊन निघालेला माल पुन्हा मोजायचा. दोन्ही आकडे जुळले तर कोणी तुमच्याकडे बघत नाही. जुळले नाहीत की सगळे तुमच्याकडेच बघतात. त्या बघण्याचा तिला कंटाळा आला. ऑफिसात एक संगणक होता, त्यावर साहेब पत्ते खेळायचे. साहेब जेवायला उठले की ही त्या खुर्चीत. आधी आकड्यांचे तक्ते करायला शिकली, मग त्या तक्त्यांना आपली आपण बेरीज करायला लावायला शिकली. पुढे घरी एक जुना लॅपटॉप आला, इंटरनेटवरचे फुकटचे धडे आले, आणि आमच्या सासूबाईंच्या मते ती कायमची वाया गेली. त्या काळात समोरून करपल्याचा वास आला की मी ओळखायचे, बाई आज नवीन काहीतरी शिकली.

भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करतात. संशय हा प्रकार त्यांना माहीतच नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली असो, आतली माणसं ओरडत असोत, हे बाहेरून शांतपणे सांगणार, "काही नाही, आत्ता येते." आणि ती येतेही. त्यांना बायकोचं घोडं नेमकं कुठे अडतं तेच कळत नसे.

"मी कुठे शिकायला गेलो होतो?" ते म्हणायचे. "उघडली, बघितली, बंद केली. झालं."

"तुमची लिफ्ट वर जाताना दिसते तरी. माझंही चालतं, पण का चालतं ते मला सांगता येत नाही."

"चालतं ना? मग झाकण लाव आणि जेवायला ये."

एके दिवशी लाँड्रीला नवा प्रोग्राम करून द्यायला एक लहानशी कंपनी आली. तिथल्या विभागप्रमुख बाईंनी हिचे तक्ते बघितले आणि विचारलं, हे कोणी केलं? हिला वाटलं, आता बोलणी बसणार. बाईंनी तिला नोकरी दिली. ती कंपनी लाँड्र्यांचेच प्रोग्राम करायची, आणि चादरी कशा हरवतात हे माहीत असलेलं त्यांच्याकडे कोणीच नव्हतं.

तिथे सगळे पदवीवाले. माणसं वाईट नव्हती, पण आपसात जे बोलायची ते हिच्या डोक्यावरून जायचं. बैठकीत कोणी एखादा शब्द टाकला की सगळे माना डोलवायचे, हीही डोलवायची, आणि तो शब्द मनात घोळवत घरी यायची. शोधायला बसली की त्या एका शब्दाच्या अर्थात आणखी चार न कळणारे शब्द निघायचे. ते चार शोधावेत तर त्यांची पिल्लावळ. बस स्टॉपवर, दळण टाकायला गेल्यावर, दाताच्या डॉक्टरांकडे, कुठेही ही बाई शिकतच असायची.

त्यात तो धंदाच मुळी विचित्र. माझ्या मशीनची सुई मी शिकले तेव्हा वर-खाली जायची, आजही वर-खालीच जाते. यांच्याकडे थोड्या थोड्या दिवसांनी सुई बदलते, मग दोरा बदलतो, मग कोणीतरी म्हणतं, आता दोऱ्याचीच गरज नाही. शिकायला वर्ष घालवावं आणि पुढच्या वर्षी ते जुनं व्हावं. पुन्हा पाटी कोरी. बाकीचे या गोष्टीने वैतागायचे, हिला मात्र बरं वाटायचं. त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. नव्या गोष्टीपुढे सगळेच अडाणी असतात, आणि तेवढे दिवस ही त्यांच्या बरोबरीची असायची.

आपल्याला एखादी गोष्ट खरंच समजली की नाही, हे बघायची तिची एक रीत होती. कामावर जाण्याआधी ती माझ्याकडे यायची, मशीनशेजारच्या स्टुलावर बसायची आणि केलेलं सगळं पहिल्यापासून मला सांगायची.

"वहिनी, तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. तुम्ही फक्त हं म्हणा."

मी हं म्हणायचे. सांगता सांगता जिथे अडखळली तिथे चूक, हे तिचं गणित. तिच्या ऑफिसात इतरही काही जण असं करतात म्हणे. एकजण तर टेबलावरच्या रबरी बदकाला सगळं समजावून सांगतो. म्हणजे माझी जागा कोणाची, ते लक्षात आलंच असेल. मी मनाला लावून घेतलं नाही. बदकाला शिवणकाम येत नाही.

तर इतकी वर्षं तिने मला सगळं सांगितलं, फक्त प्रोग्रामचा एक तुकडा सोडून. त्याबद्दल तिने मला एकदाच सांगितलं, तेही दार लावून घेऊन.

नोकरी नवीन होती तेव्हाची गोष्ट. लाँड्रीत मोजणीची दोन टेबलं, दोन्हीकडून एकाच वेळी आकडे आले की प्रोग्राममध्ये गोंधळ व्हायचा. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं. हिला काही सुचेना, आणि विचारायची हिंमत नव्हती, कारण विचारलं की कळणार, हिला येत नाही. शोधता शोधता एका ठिकाणी कोणीतरी परक्या माणसाने दुसऱ्या परक्या माणसाला दिलेलं उत्तर सापडलं. दहा-बारा ओळी. हिने त्या उचलल्या आणि जशाच्या तशा चिकटवल्या. गोंधळ थांबला. का थांबला ते तिला कळलं नाही. कोणी चुकून काही हलवू नये म्हणून तिने वर एक सूचना लिहून ठेवली: 'खालच्या ओळींना हात लावू नये.'

आता यात माझ्या मते काही पाप नव्हतं. मीही दुसऱ्याच्या कोटाची कॉलर उसवून बघितलेली आहे. पण त्या सूचनेने भलतंच करून ठेवलं. नवीन येणारा प्रत्येकजण ती वाचायचा आणि त्याला वाटायचं, इथे काहीतरी फार खोल आहे. प्रोग्रामची बाकीची खोली-खोली लोकांनी पाडून नव्याने बांधली, या खोलीशी मात्र सगळे चपला काढून उभे. 'ते बाईंचं काम आहे,' असं हिच्याबद्दल एकमेकांना सांगायचे. कंपनीत तिचा जो काही दरारा होता तो त्या दहा-बारा ओळींमुळे, आणि त्या तिच्या नव्हत्या. दर वर्षी ती ठरवायची, आता नीट बसून हे समजून घेऊ. दर वर्षी त्याऐवजी दुसरं काहीतरी अवघड शिकायला घ्यायची. दोन नवीन भाषा शिकली ती अशा टाळाटाळीत.

गेल्या वर्षी एका सकाळी ती स्टुलावर बसलेली असताना तिला फोन आला. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक लाँड्री आहे, तीही यांचाच प्रोग्राम वापरते. तिथली मोजणीवाली बाई बोलत होती, आवाज इतका चढा की मलाही ऐकू येत होता. "मी मोजते ते बरोबर मोजते, तुमचा प्रोग्राम माझे गठ्ठे खातो. माझ्याच टेबलावर तूट दाखवतो." धाकटीने अर्थातच बघून सांगते म्हटलं. तिने बघितलंही, आठवडाभर बघितलं, सगळीकडे बघितलं. मग माझ्यासमोरच त्या बाईला फोन लावला आणि म्हणाली, "प्रोग्राम बरोबर आहे. मोजणीत चूक होत असेल." इतकं ठाम बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. मला कौतुक वाटलं. तिच्यासाठी चहा टाकला मी.

त्यानंतर काही महिन्यांनी विभागप्रमुख बाईंचं नोकरी सोडून मुलीकडे राहायला जायचं ठरलं. त्यांनी आपल्या जागी धाकटीचं नाव सुचवलं आणि मालकांनी हो म्हटलं. जुना प्रोग्राम आता नव्या यंत्रणेवर न्यायचा होता; त्याआधी धाकटीने सगळ्यांना समोर बसवून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगायचा, आणि मग खुर्चीवर बसायचं. दुसरी कोणी असती तर पेढे वाटले असते. हिची पाचावर धारण बसली.

"मी नाही म्हणणार आहे," तिने सांगितलं. "नोकरीच सोडते. कुठेतरी मोजणीला जाईन परत."

"का?"

"त्या ओळी येतील ना मध्ये. कोणीतरी विचारणारच, हे काय आहे. मी काय सांगू?"

"सांग, मला माहीत नाही."

"वहिनी, त्यांना माहीत नसतं तेव्हा ते 'माहीत नाही' म्हणतात आणि चहा पितात. मी म्हटलं तर मी पकडली जाते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं हिच्या बोलण्याला हं हं करून माझ्या हातून किती शिलाया वाकड्या गेल्या असतील, आणि ही बया परत चादरी मोजायला निघाली. मी म्हटलं, "लॅपटॉप घेऊन ये. त्या ओळी मला सांग. मला समजलं नाही तरी चालेल, पण सांगितल्याशिवाय तू इथून उठायचं नाहीस." भाऊजी दारात बूट घालत होते. ते म्हणाले, "वहिनी बरोबर बोलतायत," आणि जिना उतरून गेले. स्वतः लिफ्टने क्वचितच जातात ते.

ती रोज सकाळी येऊ लागली. सुरुवातीचे दिवस नुसती वाचायची, मंत्र म्हटल्यासारखं. मी हं म्हणायचे. मग एकेक ओळ वेगळी काढून तिच्यामागे लागायची, त्यासाठी आणखी काही शिकायची, परत यायची. आठवडे गेले त्यात. मग एका सकाळी मी एका जाकिटाची चेन उसवत होते, आणि ती म्हणाली,

"वहिनी, हे कडीसारखं आहे. घरात बाथरूम एक, माणसं दोन. पहिला आत गेला की कडी लावतो, दुसरा बाहेर थांबतो. इथे पण तेच. एका टेबलाचा आकडा आत गेला की कडी, तोवर दुसऱ्याने थांबायचं. नाहीतर दोघं एकदम घुसणार आणि मागून आलेला आकडा आधीच्या आकड्यावर बसणार. आधीचा पुसला जाणार."

"हं."

"म्हणून प्रत्येक टेबल आधी कडी घेतं, मग…"

ती थांबली. मी मान वर केली. ती स्क्रीनकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

"वहिनी, प्रत्येक टेबल आपापली कडी घेऊन येतंय."

मी हं म्हटलं नाही. एवढं मलाही कळलं. जो तो आपापली कडी खिशातून काढून हातात धरून उभा राहिला, तर दार उघडंच.

"मग इतकी वर्षं चाललं कसं?" मी विचारलं.

"कडी काढण्यात थोडासा वेळ जातो. तेवढ्यात पहिला बाहेर पडायचा. दोन टेबलं होती, गर्दी नव्हती, निभावून गेलं." तिचा आवाज बारीक होत गेला. "त्या लाँड्रीत आता चार टेबलं आहेत. घाईच्या वेळी आकडे पुसले जात असणार. आणि पुसला जाणार तो आधी पोचलेला. जिचा हात सगळ्यात चलाख, तिचा."

मला वाटलं ती रडेल. रडली नाही. लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "मी त्या बाईला सांगितलं, मोजणीत चूक होत असेल म्हणून."

तेव्हा मला तिची कीव आली नाही, हे मी स्पष्ट सांगते. मला तिचा राग आला. ही बाई स्वतःवर उठता-बसता संशय घेत राहिली. आपलं वय, आपला गॅस, आपली अक्कल, काही म्हणून सोडलं नाही. आणि जिथे संशय घ्यायला हवा होता ती एकच जागा तिने सूचना लावून बंद करून ठेवली. ती सगळं तपासते असं आम्ही समजत होतो. ती त्या एका जागेच्या आजूबाजूचं तपासत होती.

बैठकीत काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. तिने सुरुवातच तिथून केली. या ओळी माझ्या नाहीत, मी त्या न समजता उचलल्या होत्या, आणि त्या चुकीच्या आहेत. कोणाच्या तोंडून 'अरे बापरे' निघालं नाही. कोणी खुर्चीत ताठ बसलं नाही. बदकवाला सहकारी एवढंच म्हणाला, "मला वाटायचं तुम्ही तिथे काहीतरी जबरदस्त केलंय. म्हणून मी कधी ते वाचलंच नाही." विभागप्रमुख बाईंनी विचारलं, दुरुस्तीला किती वेळ लागेल. संध्याकाळपर्यंत दुरुस्त झालंसुद्धा.

"कोणी काही बोललंच नाही हो वहिनी," ती तक्रार केल्यासारखी म्हणाली. जिच्या भीतीने माणूस अर्धं आयुष्य वाट वाकडी करून जातो, ती गोष्ट अशी एका दुपारी संपली तर त्याने करायचं काय? मी तिला जेवायला वाढलं.

खरं घोडं पुढे अडलं. मालकांनी ठरवलं, गिऱ्हाइकांना कळवायचं की प्रोग्राममध्ये सुधारणा केलेली आहे. बस. धाकटी म्हणाली, सुधारणा नाही, चूक होती असं कळवा. तिथे मोजणीवाल्यांच्या माथी तूट मारली गेली असेल.

"दुरुस्त झालं ना?" मालक म्हणाले. "मग खपली कशाला काढता? उद्या गिऱ्हाईक म्हणेल, इतकी वर्षं आम्हाला चुकीचे आकडे दिलेत. तुम्ही आता विभागप्रमुख होणार. जरा कंपनीच्या बाजूने विचार करायला शिका."

शिका म्हटलं की ही बाई एरवी काहीही शिकते. हे शिकली नाही. तिने सांगितलं, तुम्ही कळवणार नसाल तर मी स्वतः जाऊन सांगणार आहे. पुढच्या आठवड्यात खुर्ची बदकवाल्याला मिळाली. धाकटीची नोकरी राहिली, कारण तो प्रोग्राम अजूनही तिच्याशिवाय कोणाला पुरता कळत नव्हता. भाऊजींनी ही बातमी ऐकली आणि म्हणाले, "बरं झालं, त्या खुर्चीची चाकं धड नव्हती." हा त्यांचा धीर द्यायचा प्रकार.

सुट्टीच्या दिवशी ती मला म्हणाली, "वहिनी, याल का माझ्याबरोबर?" मी मशीनवर कापड टाकलं आणि निघाले.

ती लाँड्री म्हणजे एक लांबच लांब शेड. आत शिरताच गरम वाफ तोंडावर येते आणि साबणाचा वास घशात बसतो. एका बाजूला माणसापेक्षा उंच धुलाई यंत्रं घुमत होती, दुसऱ्या बाजूला दोघी दोघी मिळून चादरी इस्त्रीच्या रुळांत सरकवत होत्या. टोकाला मोजणीची टेबलं. आम्हाला हवी ती बाई शेवटच्या टेबलावर होती. फोनवरच्या आवाजावरून मी धिप्पाड बाई कल्पली होती. ही किडकिडीत, केस घट्ट बांधलेली, आणि इतकी हळू मोजत होती की मला उभ्या उभ्या जांभई आली. प्रत्येक चादरीचं टोक चिमटीत धरायची, ओठांनी आकडा म्हणायची, मग पुढची. गठ्ठा संपला की तोच गठ्ठा उलटा करून पुन्हा.

धाकटीने आपण कोण ते सांगितलं. मग एका दमात सगळं सांगितलं: फोन, तूट, आकडे कसे पुसले जात होते, चूक कोणाची होती. कडीचंही सांगितलं. मी तिला इतक्यांदा समजावून सांगताना ऐकलं आहे, पण इतकं स्वच्छ कधी ऐकलं नव्हतं. कुठे अडखळली नाही.

बाई ऐकून घेऊन हसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"नाही हो ताई," ती म्हणाली. "तुम्ही एवढ्या लांब आलात. पण तेव्हा माझंच चुकत होतं. मी फार घाई करायचे."

"घाई करत होतात म्हणून तुमचा आकडा आधी पोचायचा. म्हणून तो पुसला जायचा. तुम्ही बरोबरच मोजत होतात."

"तसं नाही. तुमचा फोन आला त्यानंतर मी ठरवलं, आपलंच चुकतंय, तर हळू मोजू. दोनदा मोजू. तेव्हापासून बघा, माझ्या टेबलावर तूट जवळजवळ नाहीच. सुपरवायझर पण म्हणाले, सुधारलीस."

"अहो, हळू मोजायला लागलात म्हणून तुमचा आकडा मागून पोचायला लागला. दुसऱ्या कोणाचा तरी पुसला जात असणार. तुम्ही सुधारला नाहीत, तुमचं चुकत नव्हतंच." धाकटीने टेबलाची कड धरली होती. "माझं चुकत होतं."

बाईने हातातली चादर खाली ठेवली. ही पाहुणी फार मनाला लावून घेते आहे, तिला समजवावं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

"आधी मला वाटायचं, आपल्याला मोजता येतं," ती म्हणाली. "आता तसं वाटत नाही, म्हणून चूक होत नाही."

मीही काहीतरी बोलायला हवं होतं, पण मला तरी काय येतं? मला फार वाईट वाटत होतं, आणि त्या बाईला ते दाखवणंही बरं दिसलं नसतं. शेवटी धाकटीने शेजारचा न मोजलेला गठ्ठा तिच्यापुढे सरकवला.

"हा मोजा," ती म्हणाली. "पूर्वी मोजायचात तसा. पटापट. प्रोग्राम आता ठीक आहे. एकदाच मोजा आणि आकडा टाका. मी इथेच उभी आहे."

बाईला गंमत वाटली. तिने हात पुसले, गठ्ठ्याची गाठ सोडली आणि सुरुवात केली. सुरुवातीला दबकत, मग तिचा अंगठा चादरींच्या कडांवरून असा धावायला लागला की शेजारच्या टेबलावरच्यांनी मान वळवून बघितलं. माझ्या बोटांना कसब कळतं. तो फार चांगला हात होता. गठ्ठा अर्ध्यावर आला. धाकटीही तिच्याबरोबर ओठांनी आकडे म्हणत होती.

मग अंगठा थांबला. बाईने मोजलेल्या चादरींकडे बघितलं, न मोजलेल्यांकडे बघितलं, ओशाळून हसली, आणि सगळा गठ्ठा एकत्र करून पहिल्या चादरीपासून मोजायला लागली.